ताटांतली ज्वारी आणि विहिरींतलें पाणी

आपल्या सुशिक्षित समाजांत एक मत असें रूढ झालें आहे कीं, कोणीं काय खावें हा ज्याच्या त्याच्या आवडीचा व ऐपतीचा प्रश्न असून त्यांत तिऱ्हाइतानें तोंड घालण्याचें कांहीं कारण नाहीं. दुसऱ्याच्या ताटांत डोकावून त्याची जात, धर्म आणि पापपुण्य ठरविणाऱ्यांचा जो उपद्रव या देशांत पूर्वीं झाला व अजूनही होतो, तो पाहिला म्हणजे या मताविषयीं आम्हांसही सहानुभूति वाटते. स्वयंपाकघराच्या दाराशीं पहारेकरी उभा करण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु दुसऱ्यानें आपल्या ताटांत डोकावूं नये, येवढ्यावरून आपणही त्याकडे डोळे उघडून पाहूं नये, असें सिद्ध होत नाहीं. घास आपल्या तोंडांत जातो हें खरें. पण तो जेथून आला तेथली जमीन, पाणी आणि माणसें आपल्या खाजगी मालकीचीं नाहींत.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. देशावरील पांढरपेशा कुटुंबांनीं गेल्या दोन-तीन पिढ्यांत ज्वारी-बाजरीस ताटांतून हळूहळू उठविलें आणि तेथें गहूं, पांढरा तांदूळ व साखर यांस बसविलें. ही निवड दिसावयास घरगुती. पण तिची किंमत घराबाहेरच्यांनीं चुकती केली आहे. कोरडवाहू मुलखानें ती पाण्यानें दिली, ऊसतोड करणाऱ्या बायामाणसांनीं ती शरीरानें दिली, आणि तापत चाललेल्या हवेंत पुढच्या पिढीला ती व्याजासह द्यावी लागणार आहे.

प्रथम जें उठविलें त्याचा विचार करूं. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या भागांतील रब्बी ज्वारी हें निसर्ग व शेतकरी यांनीं मिळून शोधून काढलेलें एक मोठें चातुर्याचें पीक आहे. या मुलखांत पाऊस थोडा आणि लहरी. पण भारी काळी जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन बसते. हस्ताच्या सुमारास पेरलेली ज्वारी त्या साठलेल्या ओलीवर वाढते, थंडींत पोटरींत येते, पौषांत हुरडा देते आणि माघ-फाल्गुनांत खळ्यावर जाते. कालवा नसला, विहिरीला पाणी नसलें, तरी ती माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा देते. मोहोळच्या संशोधन-केंद्रांत निवडलेलें मालदांडी वाण आज इतक्या वर्षांनंतरही शेतकऱ्यांच्या विश्वासांतून उतरलेलें नाहीं. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. मानांकन मिळालें, पण मान गेला तो गेलाच. एकेकाळीं महाराष्ट्रांत खरीप व रब्बी मिळून ज्वारीचें क्षेत्र साठ लाख हेक्टरांच्या आसपास होतें. आज तें त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ खालीं आलें आहे. खरिपाची ज्वारी सोयाबीन व कापूस यांनीं बाजूस सारली, आणि जेथें जेथें पाणी पोंचलें तेथें तेथें ऊस उभा राहिला.

या फेरबदलाचें खापर केवळ शेतकऱ्याच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल. त्यानें बाजार पाहिला, आणि बाजारांत आपणच उभे होतों. घरांत चार पैसे आले कीं भाकरी रात्रीच्या जेवणापुरती उरली. आणखी चार पैसे आले कीं तीही गेली. पोळी सणावाराची होती ती रोजची झाली. भाकरी गांवंढळ आणि पोळी सुधारलेली, ही प्रतवारी कोणत्याही आहारशास्त्रानें केलेली नाहीं. ती आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनेनें केली. आणि वरच्या पायरीवरचा जें खातो तेंच खालच्या पायरीवरच्यास खावेंसें वाटतें, हा समाजाचा जुना नियम आहे. सरकारनेंही तोच कित्ता गिरविला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत तांदूळ तीन रुपये, गहूं दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो, असे भाव लिहिलेले होते. परंतु प्रत्यक्ष रेशनच्या दुकानांत पोत्यांत येतें तें मुख्यतः गहूं आणि तांदूळ. हें धान्य २०२३ पासून फुकट मिळूं लागलें. उलट शहरांत उत्तम मालदांडीचा भाव पुष्कळदां गव्हाहून चढा असतो. म्हणजे ज्या गरिबाची ती भाकरी होती, त्यालाच ती आतां परवडेनाशी झाली आहे.

आतां जें ताटांत बसविलें त्याकडे वळूं. त्यांत अग्रमान साखरेचा. महाराष्ट्रांत पिकांखालील जमिनीच्या चार टक्क्यांहूनही कमी जमीन उसाखालीं असून सिंचनाचें सुमारें ७० टक्के पाणी तो एकटा पितो, असा हिशेब केंद्र सरकारच्या कृषि खर्च व मूल्य आयोगानें मांडलेला आहे. त्याच हिशेबाप्रमाणें महाराष्ट्रांत एक किलो साखर तयार होण्यास दोन हजार लिटरांहून अधिक पाणी लागतें. मोठमोठे आंकडे ऐकून आपले कान बधिर झालेले असतात. म्हणून हा आंकडा घरांत आणून पाहावा. ज्या कुटुंबांत महिन्याला पांच किलो साखर संपते, तें कुटुंब चहा, सरबत आणि शिरा यांच्या वाटेनें महिन्याला दहा हजार लिटर पाणी, म्हणजे चांगला भरलेला एक टँकर, रिकामा करतें. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें, हें वाचकांस आठवत असेल. तीनशेंहून अधिक किलोमीटर धावून आलेल्या त्या पहिल्या गाडींत दहा वाघिणी मिळून सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. लोकांनीं तिचें स्वागत केलें, वर्तमानपत्रांनीं चित्रें छापलीं. त्या संबंध गाडीच्या पाण्यांत साखर किती होते? अडीच क्विंटल, अवघीं पांच पोतीं! आणि ज्या मांजरेच्या खोऱ्यांतील धरण त्या वर्षीं कोरडें पडलें, त्याच खोऱ्यांत साखरेचे कारखाने उभे आहेत. दुष्काळ आकाशांतून पडतो हें अर्धेंच सत्य आहे. उरलेला अर्धा दुष्काळ लागवडीला जातो.

पाण्यानंतर माणसें. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतून, विशेषतः बीड जिल्ह्यांतून, लाखों माणसें ऊस तोडण्यास पश्चिमेकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नसते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणजे हिशेबाच्या वहींत दोन माणसें मिळून एक हत्यार होतात. एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. पाळी, बाळंतपण, आजार यांसाठीं त्या वहींत रकाना नाहीं. २०१९ सालीं राज्य सरकारनें नेमलेल्या समितीनें बीड जिल्ह्यांतील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. या आंकड्यावर आम्ही भाष्य करीत नाहीं. ज्याला तो वाचून चहा कडू लागत नाहीं त्याला भाष्यानेंही लागणार नाहीं. मुलांचें काय होतें तेंही उघड आहे. शाळेचें निम्में वर्ष फडाच्या कडेला पाचटाच्या कोपींत जातें, आणि मोठेपणीं त्या मुलाच्या हातीं तोच कोयता येतो. आणि हीं माणसें आलीं कोठून? ज्यांच्या स्वतःच्या शेतांत ज्वारी-बाजरीच पिकूं शकते, आणि ज्यांच्या ज्वारी-बाजरीवर घर चालत नाहीं, अशा गांवांतून. आपण भाकरी टाकली आणि साखर घेतली, तेव्हां त्यांना एका रानांतून उठवून दुसऱ्या रानांत राबावयास पाठविण्यांत आपला हात लागला.

आतां हवामानाचें पाहूं. जगांत माणसाच्या हातून जे तापविणारे वायु हवेंत जातात, त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश अन्न पिकविणें, टिकविणें, शिजविणें आणि फेंकून देणें या व्यवहारांतून निघतात. पाण्यानें तुंबलेल्या भाताच्या खाचरांतून मिथेन वायु निघतो. वीस वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें ऐंशी पट उष्णता धरतो. पिकाला दिलेल्या युरियाचा कांहीं भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेंत जातो. तो शंभर वर्षांच्या हिशेबानें दोनशें सत्तर पटीच्या घरांत भरतो. आपल्या रेशनचा तांदूळ आणि गहूं ज्या पंजाबांतून मोठ्या प्रमाणावर येतो, तेथें भूगर्भांतील पाणी इतकें उपसलें गेलें कीं, २००९ सालीं १० जूनपूर्वीं भाताची लावणी करूं नये असा कायदा करावा लागला. लावणी पुढें गेली, कापणी पुढें गेली, गव्हाच्या पेरणीस अवधि उरला नाहीं, म्हणून धसकटें पेटवून देण्याचा जो प्रघात होता तो अधिकच वाढला, आणि त्या धुरानें दिल्लीचा श्वास कोंडला. एका पिकाचा हट्ट किती घरांचीं दारें ठोठावतो, याचें हें उदाहरण आहे.

बरें, ज्या गव्हासाठीं येवढें केलें त्याचा तरी भरंवसा काय? गहूं हें थंडीचें पीक. मार्च २०२२ मध्यें उत्तर हिंदुस्थानांत अकालीं उष्णतेची लाट आली, दाणा भरण्याच्या वेळींच सुकला, आणि मे महिन्यांत सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. असे मार्च आतां वारंवार येणार. ज्वारी-बाजरी हीं जात्याच उन्हाचीं व थोड्या पाण्याचीं पिकें आहेत. तापत्या काळांत जें धान्य आपल्याला तारील तेंच आपण अडाण्यांचें म्हणून टाकून देत आहों.

या आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा परामर्श घेणें अवश्य आहे. पहिला आक्षेप असा कीं, हवा तापविली ती युरोप-अमेरिकेनें. त्यांच्या पापाचें प्रायश्चित्त आमच्या भाकरीनें कां घ्यावें? पाप कोणाचें अधिक याविषयीं वाद नाहीं, आणि त्या राष्ट्रांकडे हिशेब मागितलाच पाहिजे. परंतु मांजरा धरण अमेरिकेनें उपसलें नाहीं आणि बीडच्या बाईच्या हातांत कोयता युरोपनें दिला नाहीं. ज्या निवडीचें पहिलें फळ आपल्याच जिल्ह्यांत दिसतें, तिच्याविषयीं परक्याकडे बोट दाखविणें ही पळवाट आहे.

दुसरा आक्षेप शाकाहाराच्या अभिमानांतून येतो. “आम्ही मांस खात नाहीं, सबब आम्ही निर्दोष.” गाईगुरांच्या मांसानें हवेस सर्वांत अधिक भार होतो हें शास्त्र सांगतें तें खरेंच, परंतु तेंच शास्त्र असेंही सांगतें कीं, रवंथ करणारें जनावर दुधासाठीं पाळलें तरी मिथेन सोडतेंच. रोज पनीर, बासुंदी आणि श्रीखंड झोडणाऱ्या घराहून, किनाऱ्याजवळ लहान होडीनें धरलेले बोंबील खाणारें कोळ्याचें घर हवेला हलकें ठरण्याचाच संभव अधिक. हवा सोंवळें पाहत नाहीं.

तिसरा आक्षेप याच्या उलट टोंकाचा. “जवळचें खा म्हणजे झालें,” असें हल्लीं पुष्कळ जण म्हणतात. हें सूत्र सुटसुटीत आहे, पण अपुरें आहे. अन्नाच्या पोटीं निघणाऱ्या वायूंत वाहतुकीचा वाटा एकंदरींत लहान असतो. शेतांत काय पेरलें आणि कसें पेरलें याचा वाटा मोठा. पुण्याच्या माणसाला साखर जवळचीच आहे. म्हणून खरा प्रश्न ‘किती लांबून आलें’ हा नव्हे, तर ‘त्या मातीला आणि त्या पावसाला तें शोभतें काय’ हा होय. कोंकणांत आभाळच इतकें कोसळतें कीं तेथें भात लावणें स्वाभाविक आहे. कोंकणच्या माणसानें पेज आणि भात सोडून ज्वारी खावी असें आम्ही सुचविणार नाहीं. मिथेन त्याच्याही खाचरांतून निघतो. परंतु तो भात कूपनलिका लावून पाताळ उपसत नाहीं. त्यानें वरकस जमिनींतली नाचणी आणि वरी मात्र विसरूं नये. देशावरच्या माणसाचा धर्म निराळा आहे, तो त्यानें पाळावा.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. “आम्हीं साखर कमी केली तर उसाची दारू करून ती मोटारींत ओततील, पाण्याचा उपसा कायमच राहील.” हें खोटें नाहीं. पेट्रोलांत एथेनॉल मिसळण्याचें सरकारी धोरण आज जोरांत आहे, आणि उसाला वाटेकरी वाढला आहे. पण यावरून निघतें तें इतकेंच कीं, केवळ साखर सोडणें पुरें नव्हे; ज्वारी विकत घेतली पाहिजे. ऊस लावणारा शेतकरी मूर्ख नाहीं कीं दुष्ट नाहीं. उसाला कायद्यानें ठरलेला दर आहे आणि दाराशीं गिऱ्हाईक आहे. ज्वारीचा आधारभूत भाव दरवर्षीं जाहीर होतो, पण त्या भावानें ती घेणारा हुडकावा लागतो. काढणीच्या दिवसांत आवक वाढली कीं भाव पडतो, वर कापणीला माणूस मिळत नाहीं आणि पाखरें राखणारा तर मुळींच नाहीं. अशा पिकाला उपदेशानें कोणी जवळ करीत नाहीं. खात्रीचें गिऱ्हाईक मिळालें तर करतो. तें गिऱ्हाईक होण्याची ऐपत गरिबांत नाहीं. ती आपल्या वर्गांत आहे. म्हणूनच हें कर्तव्य आपलें.

पांचवा आक्षेप घराघरांतून, पण हळू आवाजांत निघतो, आणि आमच्या मतें तोच सर्वांत वजनदार आहे. भाकरी थापावी कोणी? गव्हाचें पीठ महिनाभर डब्यांत राहतें, कणीक सकाळीं भिजविली तर दुपारींही चालते, पोळी डब्यांत मऊ राहते. ज्वारीचें पीठ शिळें झालें कीं त्याची विरी जाते, भाकरी तव्यावर टाकतांनाच तुटते. आणि ती खावी तर तव्यावरून उतरलेलीच. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या स्त्रीनें गव्हाला जवळ केलें यांत तिचा दोष काडीचाही नाहीं. भाकरीच्या थोरवीवर व्याख्यानें देणारे पुरुष पाटावर बसून ‘गरम आण’ म्हणणारे असतील, तर त्यांच्या तोंडीं ही भाषा शोभत नाहीं. ज्याला ज्वारी वांचवावयाची आहे त्यानें प्रथम परातीजवळ बसावें. जें काम आठ-दहा वर्षांची मुलगी शिकूं शकते असें आपण पिढ्यान्पिढ्या मानलें, तें तिच्या बापाला किंवा भावाला येऊं नये असें त्यांत कांहीं नाहीं.

राहतां राहिली नवी टूम. हिंदुस्थान सरकारच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. धान्यांस ‘श्रीअन्न’ अशी पदवी मिळाली, मेजवान्या झाल्या, आणि बाजारांत ज्वारीचीं बिस्किटें व नाचणीचे कुरकुरीत तुकडे रंगीत पाकिटांतून चमकूं लागले. पदवीला आमची हरकत नाहीं. पण ज्या बिस्किटांत मूठभर ज्वारी, ओंजळभर साखर आणि इंडोनेशिया-मलेशियांतील अरण्यें तोडून लावलेल्या ताडांचें तेल असतें, तें खाऊन आपण मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यावर उपकार केला असें कोणीं समजूं नये. पाकिटाच्या किंमतींतून त्याच्या हातीं काय पडतें? ज्वारीचा उद्धार पाकिटांत नाहीं. तो पोत्यांत आहे.

आमच्या सूचना साध्या आहेत, आणि त्यांत नवें फारसें कांहीं नाहीं. पूर्वीं घरोघर सालाचें धान्य भरण्याची चाल होती. ती पुन्हां धरावी. फाल्गुन-चैत्रांत, ज्या दिवसांत भाव पडलेला असतो, त्याच दिवसांत इमारतींतील दहा-वीस कुटुंबांनीं मिळून एखाद्या गांवच्या शेतकऱ्यांशीं ठराव करून रास्त भावानें ज्वारी-बाजरी घ्यावी. आणि पेरणीपूर्वींच पुढच्या वर्षाचा शब्द द्यावा, कारण पेरणीपूर्वीं मिळालेला शब्दच पीक बदलतो. दिवसांतून एक जेवण तरी भाकरीचें असावें. साखर निम्मी करावी. यांत वैद्यही आपल्याच बाजूचे आहेत. लग्नकार्यांत पांच पक्वान्नांऐवजीं एक करावें, तें चांगलें करावें. आणि जे आपल्यांत शाळा, वसतिगृहें, रुग्णालयें, कारखाने यांच्या कारभारावर आहेत, त्यांनीं तेथील खानावळींत आठवड्यांतून कांहीं दिवस भाकरी वाढली जाईल असें करावें. एका वसतिगृहाची मागणी शंभर घरांच्या निश्चयाहून वजनदार असते. याबरोबरच रेशनच्या पोत्यांत ज्वारी येण्यासाठीं आणि ऊसतोड स्त्रियांच्या हक्कांसाठीं आपली लेखणी, मत व पत्रव्यवहार झिजवावा. ताट सुधारलें म्हणून कायद्याची गरज संपत नाहीं. तसेंच कायदा येईल म्हणून ताट वाट पाहत बसूं शकत नाहीं.

येवढ्यानें पृथ्वी थंड होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एखाद्या गांवांत चार शेतांत ऊस न लागतां ज्वारी लागली, तेथल्या विहिरीला वैशाखांत हातभर पाणी अधिक राहिलें, आणि एक जोडपें त्या वर्षीं कोयता न उचलतां मुलांसह घरीं राहिलें, तर हें फळ लहान समजण्याइतके आपण मोठे नाहीं. आपल्या आवडीचा खर्च दुसऱ्याच्या विहिरींतून भागवावयाचा आणि वर आवड ही खाजगी बाब म्हणावयाची, हा व्यवहार सुसंस्कृत म्हणविणाऱ्या समाजास शोभत नाहीं. स्वातंत्र्य ताटापुरतें जरूर असावें. पण त्याचें बिल ज्याचें त्यानेंच द्यावें.